टाळेबंदीतील मद्यविकार : दुकाने बंद झाली तेव्हा आणि उघडली तेव्हा

प्रतिनिधी, मुंबई

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि अत्यावश्यक वस्तूंखेरीज बहुतेक सर्व व्यवहार थांबले. मद्यविक्रीची दुकानेही त्याच दिवशी बंद झाली. चाळीस दिवसांनंतर, ४ मे रोजी, टाळेबंदीच्या तिसऱ्या टप्प्यात अनेक राज्यांत ती उघडली, तेव्हा लागलेल्या लांबच लांब रांगा सर्वांच्या स्मरणात आहेत. ‘तळीरामांची झुंबड’ अशा शीर्षकांनी त्या दिवसांतील वृत्तपत्रांचे रकाने भरले होते. मात्र त्याआधीच्या चाळीस दिवसांत मद्य अचानक तुटल्यामुळे रुग्णालयांत आणल्या गेलेल्या रुग्णांची चर्चा त्यामानाने कमी झाली. पुढच्या दोन वर्षांत यकृताच्या विकारांनी दाखल झालेल्यांची तर त्याहूनही कमी झाली.

टाळेबंदीने मद्याशी संबंधित दोन अगदी भिन्न प्रकारचे आजार वाढवले. ज्यांचे मद्य एका रात्रीत तुटले, त्यांना मेंदूचे व मज्जासंस्थेचे तीव्र विकार झाले. ज्यांना मद्य मिळत राहिले आणि जे घरात बसून अधिक पिऊ लागले, त्यांच्या यकृतावर त्याचा परिणाम झाला. या दोन्ही गटांना उपचारांची गरज होती. पण सार्वजनिक चर्चा दुकाने उघडावीत की बंद ठेवावीत, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली.

व्यसनाचे मोजमाप

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या वर्षभर आधी प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आढळले. सुमारे ५.७ कोटी लोकांचे पिणे आरोग्याला घातक असून त्यांना मदतीची गरज आहे आणि त्यांपैकी सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर पूर्णपणे अवलंबून आहेत, असा या अहवालाचा निष्कर्ष होता.

अवलंबून असणे म्हणजे नुसती आवड किंवा सवय नव्हे. अशा व्यक्तीच्या शरीराला मद्याची गरज निर्माण झालेली असते आणि ते न मिळाल्यास शरीर बंड करते. या गटातील ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचे प्रमाण तर १८० जणांत एक इतके अल्प होते. म्हणजेच मार्च २०२० मध्ये दुकाने बंद झाली, तेव्हा देशात जवळपास तीन कोटी लोक असे होते की ज्यांचे मद्य अचानक तुटणे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे होते आणि त्यांतील फारच थोड्यांना एखादा डॉक्टर ओळखत होता.

मद्य अचानक तुटते तेव्हा

मेंदूचे कार्य शांत करणाऱ्या आणि उत्तेजित करणाऱ्या रसायनांच्या समतोलावर चालते. मद्य हे ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि ‘ग्लुटामेट’ या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा प्रभाव दाबते. वर्षानुवर्षे रोज मद्य मिळत राहिले की, समतोल टिकवण्यासाठी मेंदू उलट दिशेने जोर लावू लागतो. मद्य एकाएकी थांबले, तरी मेंदूचा हा जोर काही दिवस तसाच राहतो. त्यातून जी लक्षणे निर्माण होतात, त्यांना वैद्यकीय परिभाषेत ‘विथड्रॉवल’ म्हणतात.

शेवटच्या प्याल्यानंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरणे, घाम सुटणे, मळमळ, छातीत धडधड, बेचैनी आणि निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात. बहुतेकांचा त्रास येथेच थांबतो आणि काही दिवसांत ओसरतो. काही रुग्णांना मात्र पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येतात. काहींना नसलेली माणसे दिसतात, आवाज ऐकू येतात, अंगावर किडे चालल्याचा भास होतो. सर्वांत गंभीर अवस्था साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान येते. तिला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. हा एक प्रकारचा सन्निपातच होय. रुग्णाला स्थळकाळाचे भान राहत नाही, ताप चढतो, नाडी व रक्तदाब वाढतो, तो हिंसक होऊ शकतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू ओढवू शकतो. वेळेवर उपचार मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणता येते.

हे उपचार महागडे नाहीत. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड या गटातील औषधे ठरावीक मात्रेत देऊन ती हळूहळू कमी करणे, शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल राखणे आणि ‘ब-१’ अर्थात थायमिन हे जीवनसत्त्व देणे, हे त्यांचे मुख्य स्वरूप. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांच्या शरीरात थायमिनची तीव्र कमतरता असते. ती भरून न काढता नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका संभवतो. म्हणूनच रुग्णाच्या पिण्याची माहिती डॉक्टरांपासून लपवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

बेंगळुरू आणि हैदराबाद

टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात या आजाराने गंभीर रूप धारण केले. बेंगळुरूतील रुग्णालयांच्या मार्च व एप्रिल २०२० मधील नोंदींवर आधारित एक अभ्यास त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार गुंतागुंतीच्या विथड्रॉवलच्या रुग्णांची संख्या टाळेबंदीपूर्वी दिवसाला सरासरी ४ होती, ती नंतर ८ झाली. हे रुग्ण जवळजवळ सर्व पुरुष होते. हैदराबादमध्ये एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्थेतही मद्य तुटल्यामुळे त्रस्त झालेल्या रुग्णांची रीघ लागली.

ही गर्दी अशा वेळी झाली, जेव्हा रुग्णालये करोनाच्या तयारीत गुंतली होती, अनेक ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग बंद वा मर्यादित होते, सार्वजनिक वाहतूक थांबली होती आणि रुग्णालयात जाण्याचीच लोकांना धास्ती वाटत होती. ताप, घाम, धाप ही लक्षणे पाहून घरचे लोक आधी करोनाचाच विचार करीत. सामान्य काळात असा रुग्ण घरच्यांच्या डोळ्यांदेखत क्वचितच या टोकाला पोहोचतो. कारण हात थरथरू लागले की तो बाहेर पडतो आणि दोन घोट घेऊन येतो. टाळेबंदीने हा मार्ग बंद केला आणि वर्षानुवर्षे झाकलेला आजार घरात उघडा पडला.

केरळचा आदेश

या प्रश्नाला धोरणात्मक उत्तर देण्याचा सर्वांत वादग्रस्त प्रयत्न केरळने केला. तेथे मद्यविक्री बंद झाल्यानंतर काही दिवसांतच, मद्य न मिळाल्याने झालेल्या आत्महत्यांची वृत्ते येऊ लागली. तेव्हा राज्य सरकारने ३० मार्च २०२० रोजी आदेश काढला की, विथड्रॉवलची लक्षणे असल्याचे सरकारी डॉक्टरांनी लिहून दिल्यास त्या व्यक्तीला उत्पादन शुल्क विभागामार्फत मद्य उपलब्ध करून द्यावे.

डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला तीव्र विरोध केला. मद्य हे विथड्रॉवलवरील शास्त्रीय औषध नव्हे, त्यासाठी प्रभावी औषधे उपलब्ध आहेत आणि डॉक्टरांना मद्याची चिठ्ठी लिहिण्यास सांगणे वैद्यकीय नीतिमत्तेला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. केरळ उच्च न्यायालयाने २ एप्रिल रोजी या आदेशाला स्थगिती दिली. पुढे २८ मे रोजी ‘बेवक्यू’ या मोबाइल ॲपवरून वेळ ठरवून देऊन तेथे मद्यविक्री पुन्हा सुरू झाली.

डॉक्टरांची भूमिका शास्त्राला धरून होती, यात शंका नाही. तथापि, सरकारने मांडलेला प्रश्नही खोटा नव्हता. औषध अस्तित्वात असणे आणि टाळेबंदीत ते रुग्णापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील जाणत्या वाचकांना अशा चिठ्ठीची कल्पना सर्वस्वी नवी वाटणार नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आरोग्याच्या कारणास्तव मद्याचा परवाना देण्याची तरतूद होती आणि गुजरातमध्ये असे परवाने अजूनही दिले जातात.

सॅनिटायझरचे बळी

मद्य मिळेनासे झाल्यावर काहींनी हाताशी असलेल्या द्रवाकडे मोर्चा वळवला. जुलै २०२० च्या अखेरीस आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडू येथे सॅनिटायझर प्यायल्याने दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. तेथे करोनामुळे मद्याची दुकाने बंद होती. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात कडक निर्बंध लागू असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जण दगावले.

सॅनिटायझरमध्ये इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल तीव्र प्रमाणात असते. निकृष्ट मालात मिथेनॉलही आढळते. शरीरात मिथेनॉलचे रूपांतर फॉर्मिक आम्लात होते. त्यामुळे डोळ्यांच्या नसा निकामी होऊन अंधत्व येते आणि रक्तातील आम्लता वाढून मृत्यू ओढवतो. सुरुवातीला साधी नशा चढल्यासारखे वाटते. खरा परिणाम काही तासांनी, कधी दिवसभरानंतर दिसतो. म्हणून ‘झोपला आहे, उतरेल’ असे म्हणत घालवलेला वेळच अनेकदा जीवघेणा ठरतो.

याचे सर्वांत भीषण रूप इराणमध्ये दिसले. तेथे मुस्लिमांना मद्यपानास कायद्याने बंदी आहे. मद्याने करोना बरा होतो अशी अफवा पसरली आणि चोरट्या मार्गाने मिळणारे मिथेनॉलमिश्रित मद्य लोकांनी प्यायले. इराणच्या न्यायवैद्यक विभागाने दिलेल्या आकडेवारीनुसार २० फेब्रुवारी ते ७ एप्रिल २०२० या काळात ७२८ जण मृत्युमुखी पडले. मद्य प्यायल्याने करोनापासून संरक्षण मिळत नाही, उलट रोगप्रतिकारशक्ती दुबळी होते, असा खुलासा जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाला एप्रिल २०२० मध्ये करावा लागला.

दुकाने उघडली तेव्हा

मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावरील कर हे राज्यांच्या हाती उरलेले उत्पन्नाचे मोठे साधन आहे. टाळेबंदीत तिजोऱ्या रित्या झाल्यावर राज्यांनी दुकाने उघडण्याची घाई केली, ती मुख्यतः या कारणाने. दिल्लीने ५ मे २०२० पासून मद्याच्या छापील किमतीवर ७० टक्के ‘विशेष करोना शुल्क’ लावले. ते जूनमध्ये मागे घेण्यात आले. मुंबईत गर्दी अनावर झाल्याने महापालिकेने दुकाने अवघ्या दोन दिवसांत पुन्हा बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे रोजी, राज्यांनी घरपोच विक्रीचा विचार करावा, असे सुचवले. महाराष्ट्रात १५ मेपासून, तर मुंबईत त्यानंतर आठवडाभराने, परवानाधारकांना घरपोच मद्य मिळू लागले.

या साऱ्या निर्णयांत गर्दीचा विचार झाला, महसुलाचा झाला. चाळीस दिवस सक्तीने मद्यापासून दूर राहिलेल्यांपैकी ज्यांना आता कायमचे सोडायचे होते, त्यांच्यासाठी मात्र दुकानांच्या परवानगीबरोबर कोणतीही व्यापक उपचारयोजना आली नाही. ‘नशामुक्त भारत अभियान’ २७२ जिल्ह्यांत सुरू झाले, ते १५ ऑगस्ट २०२० रोजी.

घरातले पिणे आणि यकृत

ज्या देशांत टाळेबंदीतही मद्याची दुकाने उघडी राहिली, तेथे दुसऱ्या प्रकारच्या आजाराचे चित्र स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये पब अनेक आठवडे बंद होते. पण २०२० मध्ये दुकानांतून विकल्या गेलेल्या मद्याचे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. या वाढीचा सर्वांत मोठा वाटा आधीपासूनच सर्वाधिक मद्य विकत घेणाऱ्या गटाचा होता. मद्यजन्य यकृतविकारासाठी तातडीने दाखल होणाऱ्यांची संख्या १३.५ टक्क्यांनी वाढली. याउलट, मद्यामुळे होणाऱ्या मानसिक व वर्तनविषयक विकारांसाठी दाखल होणाऱ्यांची संख्या थोडी घटली. यकृतविकाराने झालेले मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी अधिक होते.

संपूर्ण ब्रिटनमध्ये केवळ मद्यामुळे झालेल्या मृत्यूंची नोंद २०१९ मध्ये ७,५६५ होती. ती २०२० मध्ये ८,९७४, २०२१ मध्ये ९,६४१ आणि २०२३ मध्ये १०,४७३ झाली. टाळेबंदी संपली, पण आकडा पूर्वपदावर आला नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर मद्याचा उल्लेख असलेले मृत्यू २०१९ मधील ७८,९२७ वरून २०२० मध्ये ९९,०१७ वर गेले. म्हणजे एका वर्षात सुमारे २५ टक्के वाढ झाली. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात मद्यजन्य यकृतदाहासाठी दाखल होणाऱ्यांचे एकूण रुग्णांतील प्रमाण साथीच्या काळात जवळपास दुप्पट झाल्याचे तेथील संशोधकांना आढळले.

यकृताची हानी टप्प्याटप्प्याने होते. प्रथम त्यात चरबी साचते; या टप्प्यावर मद्य सोडल्यास ते बहुधा पूर्ववत होते. त्यानंतर यकृतदाह होतो आणि पुढे यकृत कठीण होऊन ‘सिऱ्हॉसिस’ जडतो. पहिल्या टप्प्यात बहुधा कोणतीच लक्षणे नसतात. कावीळ, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बरीच वाट चालून झालेली असते. ज्यांचे यकृत आधीच दुबळे झाले होते, त्यांना घरातल्या वाढत्या पिण्याचे काही महिनेही पुरेसे ठरले. त्यात संसर्गाच्या भीतीने तपासण्या लांबणीवर पडल्या. पबमध्ये दुकान बंद होण्याची वेळ असते, सोबतीला चार माणसे असतात. घरात बाटली संपेपर्यंत थांबवणारे कोणी नसते.

बंदीची दुसरी बाजू

बंदीचे फायदेही नाकारता येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेने २७ मार्च २०२० पासून मद्यविक्रीवर पूर्ण बंदी घातली, १ जून रोजी ती उठवली आणि रुग्णालयांतील अपघात व मारहाणीच्या रुग्णांची संख्या वाढताच १२ जुलै रोजी पुन्हा लागू केली. करोनाच्या रुग्णांसाठी खाटा मोकळ्या राहाव्यात, हा त्यामागील उघड हेतू होता आणि जखमींची संख्या बंदीच्या काळात खरोखरच घटली. पिऊन वाहन चालवणारा, पिऊन घरात हात उगारणारा यांच्यापासून इतरांना तेवढा काळ संरक्षण मिळाले.

बंदीमुळे समाजाला होणारा लाभ आणि व्यसनाधीन व्यक्तीला होणारा धोका, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मद्याची उपलब्धता कमी करणे हा सार्वजनिक आरोग्याचा मान्य उपाय आहे. परंतु तो एका रात्रीत आणि उपचारांच्या सोयीविना अमलात आणला, तर त्याची किंमत सर्वाधिक आजारी असलेल्यांना मोजावी लागते.

घरच्यांनी काय ओळखावे?

मद्य अचानक तुटण्याचे प्रसंग साथीपुरते मर्यादित नाहीत. निवडणुकीत मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास मद्यविक्री बंद असते. पाय मोडून रुग्णालयात दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी असंबद्ध बडबडू लागतो, तेव्हा त्यामागेही अनेकदा हेच कारण असते. कोणी निश्चयाने एका दिवसात दारू सोडतो, त्याच्या बाबतीतही तोच धोका असतो. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने, विशेषतः पूर्वी कधी मद्य तुटल्यावर झटके आले असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकदम थांबू नये. सोडण्याचा निश्चय मात्र जरूर करावा आणि तो डॉक्टरांना सांगावा. झटका येणे, भास होणे, असंबद्ध बोलणे, ताप चढणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. डॉक्टरांना रोजचे प्रमाण आणि शेवटचे पिणे केव्हा झाले, हे स्पष्ट सांगावे. झोपेच्या वा शांततेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. मद्याबरोबर त्या घातक ठरतात. अनोळखी द्रव प्यायल्याची शंका असल्यास आणि नजर धूसर झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

विथड्रॉवलवरील उपचार ही सुरुवात असते. त्यानंतर व्यसनमुक्तीचे समुपदेशन आणि दीर्घ पाठपुरावा आवश्यक ठरतो. पुण्यातील ‘मुक्तांगण’ हे केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभांना राज्यात अनेक ठिकाणी विनामूल्य जाता येते. व्यसनमुक्तीविषयक मार्गदर्शनासाठी १४४४६, तर मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

तळीराम आणि सुधाकर

‘तळीराम’ हा शब्द मराठीला राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाने दिला. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील ते एक पात्र. त्याच नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान वकील मद्य सोडण्याचा निश्चय करतो आणि पुन्हा त्यात ओढला जातो. शतकभरात आपण तळीरामाचे नाव विनोदासाठी वापरात ठेवले, सुधाकराची अवस्था मात्र विसरलो. मे २०२० च्या त्या रांगांत दोघेही उभे होते. केवळ मौजेसाठी आलेल्याची थट्टा करता येईल. पण ज्याचे हात चाळीस दिवस थरथरत होते, त्याला त्या रांगेऐवजी रुग्णालयाचा रस्ता दाखवणे आवश्यक होते. पुढची आपत्ती कोणत्याही रूपाने येवो, दुकानांना कुलूप लावण्याचा आदेश निघेल त्याच दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात थायमिन, लोराझेपाम आणि ते देऊ शकणारा डॉक्टर असेल, एवढी तजवीज आधीपासून करणे शासनाच्या आवाक्याबाहेरचे नाही.